शांतता वेगळी पडेल

पूर्वी वडगावात घराला एक खोली जादा निघाली की तिच्यात काय ठेवायचं यावर भांडण व्हायचं. आजोबांना पेंडेची पोती ठेवायची असायची, आजीला देव मांडायचे असायचे आणि वडलांना भाडेकरू. आता भांडण मिटलंय. नातू दारावर 'ऑन एअर' असा लाल दिवा लावतो आणि जाहीर करतो, स्टुडिओ केलाय. दिव्याची वायर अजून कुठल्याच बोर्डात गेलेली नसते, पण त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर गेलेला असतो. नाव इंग्रजी, शेवटी 'प्रॉडक्शन', पत्ता कोल्हापूर. पेठ वडगाव लिहिलं तर गिऱ्हाईक यायचं नाही अशी समजूत. गिऱ्हाईक तर सगळं वडगावचंच असतं, फार तर भादोल्याचं.

खर्चाचं म्हणाल तर त्यात आता काही राम उरलेला नाही. दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, एक माईक, कान झाकणारा हेडफोन, स्टँड, केबल. लॅपटॉप घरात असेल तर वीस-पंचवीस हजारांत विषय संपतो. एवढ्यात जुनी मोटरसायकलसुद्धा धड मिळत नाही. सॉफ्टवेअरबद्दल तर तक्रारीला जागाच नाही. ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघा म्हणतं आणि मग घरगुती परवान्याचे साठ डॉलर मागतं. तरी आमचा गडी कुठलं तरी महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून पेन ड्राइव्हवर आणतो, सोबत आलेल्या व्हायरससकट. फुकट दिलेलं वापरायला कमीपणा वाटतो, चोरलेलं वापरायला वाटत नाही.

खोलीत गाणं मुद्रित करण्यात मात्र कमीपणाचं काही नाही. आपल्याकडं सुरुवातच तशी झाली. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यातल्या हॉटेलातच यंत्र मांडलं आणि गौहर जानला भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायला लावलं. माईक नाही, विजेचा संबंध नाही, गाणं तीन मिनिटांत आटपायचं. रहमाननं चेन्नईत घरामागं स्टुडिओ बांधला आणि 1992 चा 'रोजा' तिथून बाहेर पडला. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीननं 1982 चा 'नेब्रास्का' बेडरूममध्ये बसून चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केला. बिली आयलिश आणि तिच्या भावानं तर लॉस एंजेलिसमध्ये आईवडलांच्या घरातल्या झोपायच्या खोलीत आल्बम केला आणि 2020 च्या ग्रॅमीत बक्षिसं ओढून नेली. हे शेवटचं उदाहरण इथल्या प्रत्येक स्टुडिओमालकाला तोंडपाठ आहे. त्या खोलीच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती का, हे कुणी विचारत नाही.

दुकानदार यादी करून देतो, शेवटी 'जीएसटी वेगळा' असं लिहितो. शांतताही वेगळी पडते, हे लिहीत नाही. आणि तिचं दुकान वडगावातच काय, कोल्हापूरच्या शाहूपुरीतही नाही.

वडगावचा दिवस बघा. सकाळी घंटागाडी. तिच्या मागोमाग भाजीवाला. त्याच्या कर्ण्यातली रेकॉर्ड केलेली हाळी आपल्या स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा स्वच्छ असते, ही वेगळीच जखम. मग गिरणी. सोमवारी बाजार, म्हणजे म्हशी, शेरडं, टेम्पो आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलणारे व्यापारी. दुपारी जरा निवांत होईल म्हणावं तर शेजारच्या काकूंचा कुकर, आणि तो तिसरी शिट्टी नेमकी समेवर देतो. संध्याकाळी देवळातलं भजन. लग्नसराईत डॉल्बी, गणपतीत डॉल्बी, कुणी निवडून आला तर डॉल्बी, पडला तर ज्यानं पाडला त्याची डॉल्बी. दिवाळीच्या आसपास कारखाने पेटले की मग बोलायलाच नको. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मडगार्डवर बांधलेले स्पीकर, रात्री दोन वाजता गाणं लावून वाठारच्या दिशेनं निघतो. ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून गाणं, असं सांगतात. त्याला लागत नाही हे खरं आहे. गावालाही लागत नाही. 2016 च्या 'सैराट'चं संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या सिंफनी वादकांकडून वाजवून घेतलं म्हणतात. आम्ही ते ऐकलं ट्रॅक्टरवर, व्हायोलिनच्या जागी सायलेन्सर धरून.

मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे, असं आपण शाळेत शिकलो. त्या धनाजीरावांची समाधी याच गावात आहे. आता गावातल्या कंडेन्सर माईकला भर शांततेत ट्रॅक्टर ऐकू येतो.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे, म्हणूनच कुणी करत नाही. कंडेन्सर माईक दिसायला देखणा, 48 व्होल्टचा फँटम पुरवठा पितो, व्हिडिओत शोभतो आणि गल्लीतलं सगळं ऐकतो. बंदिस्त, कापूस भरलेल्या स्टुडिओत त्याच्यासारखा माईक नाही. दहा बाय दहाच्या उघड्या खोलीत त्याच्यासारखा चुगलखोर नाही. डायनॅमिक माईक म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या हातातला तो रांगडा ठोकळा. शुअरचा एसएम 58 हा 1966 पासून विकला जातोय, स्टेजवर पडतो, आपटतो, तरी चालतो. तो जवळचं ऐकतो आणि लांबचं फारसं मनावर घेत नाही. ओठांपासून चार बोटांवर धरून गायलं की ट्रॅक्टर मागं राहतो. पण मग व्हिडिओत तोंड झाकतं. गाणं बिघडलं तर चालतं, तोंड झाकलं तर चालत नाही.

जवळून गायलं की आणखी एक भानगड होते. भ, फ, प म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माईकवर धाडकन आदळतो. वडगावात येणारं निम्मं गाणं 'भाऊ' या शब्दानं सुरू होतं, म्हणजे पहिल्याच अक्षराला स्फोट. त्याला पॉप फिल्टर लागतो. तो विकत मिळतो आणि घरातही होतो. ताईच्या भरतकामाची लाकडी रिंग घ्यायची, जुन्या पातळ ओढणीचा तुकडा तिच्यात दुहेरी ताणून बसवायचा आणि माईकपुढं तीन-चार बोटांवर क्लिपनं अडकवायचा. झोत कापडात मोडतो, सूर पलीकडं जातो. एवढं करून झाल्यावर ताईला कळायच्या आत रिंग जागेवर ठेवायची.

मग येतात अंड्याचे ट्रे. हे खूळ कुणी काढलं देव जाणे, पण प्रत्येक घरगुती स्टुडिओच्या चारी भिंतींना करड्या पुठ्ठ्याचे ट्रे डकवलेले असतात आणि आत शिरणाऱ्याला सुरांच्या आधी आम्लेट आठवतं. 'साउंडप्रूफ केलंय,' असं सांगितलं जातं. ते सांगत असतानाच बाहेरून भंगारवाला ओरडतो आणि तो अगदी स्पष्ट ऐकू येतो.

बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं. जाड भिंत, भरीव दार, बुजवलेल्या फटी. पुठ्ठ्याच्या अंगात वजन नाही. तो वरच्या पट्टीतली थोडी चरचर खातो, खालचा घुमारा आहे तसा ठेवतो आणि कुठं ठिणगी पडलीच तर पेट घ्यायला तयार असतो. त्यात आपल्या खोल्या दहा बाय दहा आणि स्लॅबही दहा फुटांवर. गवंड्याला याहून सोपं माप नाही, आवाजाला याहून वाईट नाही. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण 56 हर्ट्झचा घुमारा अडकतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असली की तिन्हीकडचा घुमारा त्याच एका सुरावर साठतो. म्हणून कीबोर्डवरचा बेसचा एक सूर कोपऱ्यात उभं राहिलं की छाती हलवतो आणि खोलीच्या मधोमध उभं राहिलं की गायब होतो. आमचा गडी मधोमध खुर्ची टाकून बसतो. त्याला बेस कमी वाटतो, म्हणून तो बेस वाढवतो. मग ते गाणं कुणाच्या गाडीत लागतं आणि दाराची काच थरथरते.

यावरचा इलाज घरातच घडी करून ठेवलेला आहे. वाकळ. आजीनं जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक घालून, मागचा टाका पुढच्याला लावून शिवलेली, दोन माणसांनी उचलावी एवढी जड. ती गाणाऱ्याच्या पाठीमागं टांगायची आणि जमलं तर एकेक दोन्ही बाजूंना, कारण माईकचं तोंड गाणाऱ्याकडं असतं आणि त्याच्या मागची उघडी भिंतच आवाज परत फेकत असते. भिंतीला चिकटवायची नाही, वीतभर पुढं ठेवायची. अगदी भिंतीलगत हवा हलतच नाही, थोडं पुढं आली की हलते, आणि कापड खातं ते हलत्या हवेलाच. खालच्या घुमाऱ्याला मात्र वाकळ पुरत नाही. त्याला कोपऱ्यात चार-सहा इंच जाडीचं रॉकवूल लाकडी चौकटीत घालून, वरून कापड लावून उभं करावं लागतं. सुताराचं दोन दिवसांचं काम आहे.

पण वाकळ लावत नाहीत. 'क्लाएंट काय म्हणंल?' आणि खरं सांगायचं तर आजीही देत नाही. 'थंडीत काय तुझा माईक पांघरू का मी?' या प्रश्नाला ध्वनिशास्त्रात उत्तर नाही.

एवढ्यावर सुटका झाली असं वाटत असताना माईक चालू करावा तर आतून 'हूंऽऽ' असा संथ हुंकार येतो. नवा गडी आधी माईक बदलतो, मग केबल, मग देवाला नारळ. घरात तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसरी पिन शोभेची. अंगणात खड्डा काढून, कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग करून घेतलं की बहुतेक वेळा हुंकार थांबतो. ते काम वायरमनचं असल्यामुळं स्टुडिओच्या यादीत येत नाही. मग लॅपटॉपचा चार्जर काढला की हूं जातं, असा शोध लागतो आणि सगळी गाणी बॅटरीवर घेतली जातात. बॅटरी संपेपर्यंत गायकाला भाव आला तर आला. पंखाही बंद, कारण तो माईकला ऐकू जातो. एप्रिल महिन्यात स्लॅबच्या खोलीत, पंखा बंद करून, पावसाचं गाणं गाणारा माणूस बघायचा असेल तर जरूर या.

गंमत अशी की याच जिल्ह्यात हिंदुस्थानातला एक थोर गवई राहिला आणि त्याच्या गळ्याची एकही तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी 1895 च्या सुमारास दरबारी ठेवून घेतलं. जयपूर-अत्रौली घराणं इथं रुजलं, फळलं. खाँसाहेब 1946 पर्यंत होते, ध्वनिमुद्रण तोवर चांगलं चाळिशी ओलांडून गेलं होतं, पण त्यांनी कर्ण्यापुढं किंवा माईकपुढं गळा धरला नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली नासानं व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली आणि ती आता सौरवाऱ्याच्या अंमलाबाहेर पोचलीय. गुरूचं गाणं दाराबाहेर गेलं नाही, शिष्येचं ग्रहमालेबाहेर. आणि आमचं रोज रात्री अकराला अपलोड होतं, बारापर्यंत सत्तावीस जण बघतात, त्यातले वीस घरचे.

ज्यांनी गायलं त्यांच्याकडं अनडूचं बटण नव्हतं. सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, कोल्हापुरात जन्मलेले. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं आणि वर्षाहून थोड्या जास्त काळात 56 गाणी झाली. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल बांधायची, गायक-वादकांनी बसवायचं आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी ते वाजायचं. आठवड्याला एक. आमच्याकडं एका गाण्याचं 'लवकरच येत आहे' असं पोस्टर आठ महिने येत राहतं. टेक कितीही घेता येतात, त्यामुळं कुठलाच पक्का होत नाही.

मला विचाराल तर घरच्या स्टुडिओत कमी असतो तो माणूस. काचेपलीकडं बसलेला, चेहरा न हलवता 'परत घ्या' म्हणणारा. घरात गायक तोच, रेकॉर्डिस्ट तोच, मिक्स करणारा तोच आणि 'एक नंबर झालंय' म्हणणाराही तोच. खरं तर अशा माणसांची आपल्याकडं ददात नाही. कुठल्याही भजनी मंडळात हार्मोनियमशेजारी एक म्हातारा बसलेला असतो, ज्यानं आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलेलं नाही. त्याला चहा पाजून खोलीत बसवा. 'दुसऱ्या ओळीला घसरलास' हे तो फुकट सांगेल. त्याऐवजी आमचा गडी ऑटोट्यून लावतो.

हे ऑटोट्यून काढणारा अँडी हिल्डब्रँड मुळात तेलवाल्यांच्या कामातला. जमिनीत लहरी सोडून, परत आलेल्या लहरींवरून खाली तेल कुठं आहे हे हुडकायचं गणित तो करायचा. तेच डोकं त्यानं सुरांवर चालवलं आणि 1997 साली ऑटोट्यून बाजारात आलं. तेलवाल्यांना एक गोष्ट चांगली माहीत होती. खाली तेल असेल तरच सापडतं.

बाकी राहिला आवाज. 'वाढीव की जरा,' हे वडगावातलं मिक्सिंगचं एकमेव शास्त्र. गाणं दाबून, ठासून, लालभडक होईपर्यंत चढवायचं. यूट्यूब मोठ्या आवाजाचं गाणं साधारण उणे 14 एलयूएफएस या आवाजाच्या मापावर खाली आणून ठेवतं. तुमचं दाबलेलं गाणं आणि शेजारच्याचं मोकळं गाणं ऐकणाऱ्याला सारख्याच आवाजात ऐकू येतं. फरक इतकाच, की त्याच्यात ढोलकीची थाप उठून दिसते आणि तुमच्यात ती ठेचून मेलेली असते. हे समजावून सांगायला जावं तर उत्तर मिळतं, 'पण डॉल्बीवर वाजाय पायजे.'

कारण पैसा तिथंच आहे. पहिल्या महिन्यात आमचा गडी स्वतःची चाल करतो. दुसऱ्या महिन्यात मित्राचं रॅप. तिसऱ्या महिन्यात हप्ता भरायचा असतो, आणि मग पहिलं खरं गिऱ्हाईक येतं.

"भाऊंचा वाढदिवस हाय. गाणं पायजे."

"कसलं पायजे?"

"वजनदार. सुरवातीला वाघाची डरकाळी टाक. नाव धा-बारा येळा आलं पायजे."

"आणि पैशे?"

"भाऊंचं नाव घेतोयस न्हवं? मग?"

असं करत करत वाढदिवस, मंडळाचं टायटल साँग, शर्यतीच्या बैलाचं गाणं, किराणा दुकानाच्या उद्घाटनाची रिक्षावरची जाहिरात. नगरपालिकेची निवडणूक लागली की एकाच चालीवर तीन पॅनेलची तीन गाणी एकाच खोलीत, एकाच गळ्यातून, तीन वेगळ्या रात्री निघतात, आणि तिघांनाही 'फक्त तुमचंच घेतलंय' असं सांगितलेलं असतं. यावर नाक मुरडणाऱ्यांचं मला काही पटत नाही. गाणं दरबाराच्याच जिवावर जगत आलंय. फरक एवढाच, की शाहू महाराज गवयाला दरबारी ठेवून गाणं ऐकायचे आणि आमचे भाऊ गाणं घेऊन उधारी ठेवतात. शिवाय महाराजांनी खाँसाहेबांना 'मध्ये डरकाळी टाका' म्हटल्याची कुठं नोंद नाही.

तरी एका स्टुडिओचा हिशेब परवा जमलेला ऐकला. मालक हंगामाला कंटाळलेला. रात्रीचे टेक सगळे ट्रॅक्टरनं खाल्लेले, एकही स्वच्छ नाही. दुपारी एक जण दारात येऊन उभा राहिला, पायात चिखल, खिशात रोख. नवा ट्रॅक्टर घेतलाय म्हणाला, त्याच्यावर गाणं करायचंय, पुढच्या फेरीला स्पीकरवर लावायचंय. वाघ नको, सिंह नको. सुरुवातीला फक्त ट्रॅक्टरचा आवाज, लांबून जवळ येणारा, भरल्या ट्रॉल्यांचा, चढाला गिअर टाकल्याचा, अगदी खराखुरा.

मालकानं त्याचे पाचशे रुपये वेगळे लावले आणि फोल्डर उघडलं.